माळ्यावरची पाच पिल्लं

सायखेड्याच्या वाड्यात नाग निघाला म्हणून सर्पमित्राला बोलावलं होतं. 2023 ची दिवाळी नुकतीच झाली होती. माजघरावरच्या माळ्यातून रोज तिन्हीसांजेला फुत्कार ऐकू यायचे, आणि तेही एकाचे नव्हे, चार-पाच जणांचे. सर्पमित्र काठी, पोतं आणि बॅटरी घेऊन जिना चढला आणि दोन मिनिटांत हसत खाली आला. नाग नव्हताच, गव्हाणी घुबडाची पिल्लं होती. वाड्याच्या मालकीणबाईंचा चेहरा उतरला. “नाग असता तर बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. “त्याला हात तरी जोडता येतात. याचं काय करायचं?”

हे माझ्या मैत्रिणीचं माहेर. मालकीणबाई म्हणजे तिची आई, पण नातवंडं झाल्यापासून सगळेच त्यांना आजी म्हणतात, मीही म्हणते. मैत्रिणीने फोनवर हा किस्सा सांगितला आणि वर टोमणा मारला, “दर हिवाळ्यात नांदूरला पक्षी बघायला आमच्या दारावरून जातेस. एकदा दारातही ये.” बोलणं लागलं, कारण खरं होतं. पंधरा वर्षं मी नांदूर मध्यमेश्वरला जातेय. तिबेटातून, मंगोलियातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी पहाटे चारला उठून निघायचं आणि सायखेड्याचा पूल झोपेतच ओलांडायचा, अशी माझी रीत. त्या हिवाळ्यात मात्र मी चार वेळा गेले आणि चारही वेळा आधी सायखेड्यात थांबले.

नाशिकहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की ओढ्यापर्यंत शहर पाठ सोडत नाही. पुढे लाखलगाव, चांदोरी, आणि उजवीकडे वळलं की गोदावरी. पहिल्यांदा गेले तो 25 नोव्हेंबरचा शनिवार होता. दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतरचे घड भरू लागले होते, मणी हरभऱ्याएवढे. बायका हातात छोट्या कात्र्या घेऊन घडातले जादा मणी काढत होत्या. चांदोरी हे हिंगण्यांचं गाव. पेशव्यांचे दिल्लीतले वकील ते हेच हिंगणे. गावाजवळ नदीच्या पात्रातच जुनी दगडी देवळं आहेत, एरवी पाण्याखाली असतात आणि पाणी ओसरलं की वर येतात. त्या दिवशी त्यांतलं एकही दिसत नव्हतं, कारण नदीला अवेळी पाणी होतं. पाऊस कमी झालेलं वर्ष होतं आणि मराठवाड्यातल्या जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून 8.6 टीएमसी पाणी सोडायचा आदेश ऑक्टोबरच्या शेवटी निघाला होता. विरोध, बैठका, कोर्टकचेऱ्या होऊन ते पाणी नेमकं त्याच आठवड्यात वाहू लागलं होतं.

इथे नदीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. जुन्या कागदांत हा सगळा टापू गंगथडी. पुलाच्या कठड्याशी उभं राहिलं तर खालून तारवाली भिंगरी सुळसुळत जाते, तिच्या शेपटीच्या दोन तारा उन्हात चमकतात. कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत पाण्यावर टांगलेला असतो. आणि पाणवेली. नाशिक शहराचं सांडपाणी पिऊन वाढलेली ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती पावसाळ्यातल्या पहिल्या लोंढ्याबरोबर वाहत येते आणि पुलाला अडकून बसते. मग पाणी तुंबतं आणि गावाकडे वळतं. ऑगस्ट 2016 मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट 2019 मध्ये सायखेडा आणि चांदोरीत पाणी शिरलं होतं.

मैत्रिणीच्या वाड्याची कथा त्या दुसऱ्या पुराशी जोडलेली आहे. पाणी ओसरल्यावर मातीच्या भिंती खालून फुगल्या, पुढचा सोपा एका बाजूला कलला. घरच्यांनी मळ्यात बंगला बांधला आणि गावातला वाडा कुलूपबंद केला. आजी मात्र देव हलवायला तयार झाल्या नाहीत. रोज संध्याकाळी सातवीतल्या नातवाला बरोबर घेऊन त्या गावात येतात, देवघरात दिवा लावतात, अर्धा तास बसतात आणि परत जातात. माणसं गेली, धान्य राहिलं नाही, मांजरही मळ्यात गेलं. माळ्याच्या भिंतीत धूर जायला ठेवलेला हातभर झरोका तेवढा उघडा होता.

गव्हाण म्हणजे गुरांना चारा घालायची जागा. म्हणजे गव्हाणी घुबडाच्या नावातच माणसाचं घर आहे. देवळाचं शिखर, जुनी गढी, पडका वाडा, गोदाम ही त्याची वस्ती. पांढरं पोट, पाठीवर सोनेरी-राखी ठिपके, बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा. बंगालात हेच घुबड लक्ष्मीचं वाहन समजतात, लक्ष्मीपेंचा म्हणतात, घरात शिरलं तर शुभ. आपल्याकडे तोच पक्षी अवदसा. राज्याच्या सीमा ओलांडताना एखाद्याची पत इतकी कशी बदलते, हे मला अजून उलगडलेलं नाही.

आजींनी ती पिल्लं हुसकावली कशी नाहीत, हा माझा पहिला प्रश्न. उत्तर अनपेक्षित होतं. “घुबडाला दगड मारू नये बाई. ते दगड उचलून नेतं आणि पाण्यात घासत बसतं. दगड झिजेल तसा मारणारा झिजतो.” ही समजूत मी लहानपणी ऐकली होती, अंधश्रद्धा म्हणून सोडूनही दिली होती. इथे एका भीतीने दुसऱ्या भीतीला धरून ठेवलं होतं आणि त्या दोघींच्या मधल्या फटीत पाच पिल्लं वाढत होती. कायद्याने घुबड मारणं, पकडणं, विकणं हा गुन्हा आहे. तरी दिवाळीच्या सुमारास करणी-भानामतीसाठी त्यांचा व्यापार होतोच. या वाड्यात कायद्याच्या आधी आजीचा दगड पोचला होता.

आम्ही नियम ठरवले. दिवसात एकदाच वर जायचं, दहा मिनिटं, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून. फोटो नाही, झगझगीत बॅटरी नाही. बॅटरीच्या काचेवर नातवाने लाल जिलेटिनचा कागद लावला. फळ्यांच्या फटीतून पाहिलं तर जुन्या कणगीच्या आडोशाला पाच पिल्लं पाच मापांची. थोरलं वीतभर उंच, कापूस पिंजून अंगावर चिकटवल्यासारखं, चेहऱ्याची बदामी कड नुकती उमटलेली. धाकटं अजून गुलाबी-पांढरं, मान न धरणारं, भावंडांच्या उबेत घुसलेलं. मधली तीन त्यांच्या मधे. स्वयंपाकघरातली उतरंड आडवी मांडावी तशी. याचं कारण साधं आहे. मादी अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते, पण बसते मात्र पहिल्या अंड्यापासून. कोंबडीसारखी सगळी अंडी झाल्यावर नव्हे. म्हणून महिनाभराने पिल्लंही त्याच अंतराने बाहेर येतात आणि थोरल्या-धाकट्यात दहा-बारा दिवसांचा फरक पडतो. उंदीर भरपूर असतील तर पाचही जगतात. नसतील तर वरून मोजायला सुरुवात होते.

खालच्या चौकात चटई टाकून आम्ही बसलो. त्रिपुरी पौर्णिमा दोन दिवसांवर होती, चंद्र मोठा होता. पावणेसातला झरोक्यात काहीतरी पांढरं आलं आणि गेलं. पंखांचा आवाज असा आलाच नाही. पारवा उडाला तर टाळ्या वाजतात, इथे फक्त माळ्यावरचे फुत्कार एकदम वाढले म्हणून कळलं की नर येऊन गेला. घुबडाच्या पिसांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, हवा त्यांत विंचरली जाते आणि आवाज मरतो. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट तीन हातांवर न ऐकू येणं हा वेगळाच अनुभव. नातवाने शंभर पानी वहीत रकाने आखले होते : तारीख, वेळ, काय आणलं. सात ते आठ या तासात त्या रात्री सात फेऱ्या झाल्या. सात उंदीर, असं तो म्हणाला. मी म्हटलं, “एखादी चिचुंद्रीही असेल.” त्याने खाडाखोड करून “सात जीव” असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नांदूर. भेंडाळी, म्हाळसाकोरे करत गेलं की उसाचे फड सुरू होतात. बिबट्यांमुळे अंधारात या बांधांवरून चालताना लोक मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतात. आमच्या पुढे एक दूधवाला भजन लावून चालला होता.

नांदूर मध्यमेश्वरचं पाणथळ हे खरं म्हणजे एका बंधाऱ्याचं अपयश आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा घातला, त्याला पाणी पुरवायला वर दारणा धरण बांधलं (1916), आणि इथून निघालेल्या कालव्यांनी खालच्या कोपरगावच्या बाजूचा कोरडा मुलूख उसाखाली आणला. पण दोन नद्यांचा गाळ बंधाऱ्यामागे बसत गेला. पाण्याची जागा मातीने घेतली, बेटं झाली, लव्हाळी आणि पाणकणीस माजलं. पाटबंधारेवाल्यांच्या हिशेबी तो तोटा. पक्ष्यांच्या हिशेबी गुडघाभर पाणी, मऊ चिखल आणि दाट आडोसा, म्हणजे याहून चांगली खानावळ नाही. 1986 मध्ये अभयारण्य झालं. सलीम अली याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणाले होते, असं इथला प्रत्येक गाईड सांगतो. 2019 मध्ये 1,437 हेक्टर क्षेत्र रामसर यादीत गेलं, राज्यातलं पहिलंच. त्या नोंदीत एक नाव आहे ते मला फार आवडतं : देवळालीवरून नाव पडलेला, बोटाएवढा, जगातून नामशेष व्हायच्या बेतात असलेला एक मासा. हजारो पक्ष्यांच्या गलबल्यात या आपल्या नाशिकच्या माशाची चौकशी कुणी करत नाही. मीही पंधरा वर्षांत केली नव्हती.

जायकवाडीच्या पाण्याने त्या दिवशी कडेचा चिखल बुडवला होता, त्यामुळे तुतवार आणि पाणटिवळे बेचैन होते. उठायचे, गिरकी घ्यायचे, पुन्हा तिथेच उतरायचे. बदकांना फरक पडला नव्हता. थापट्या आपली फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत होता. तलवार बदकांची जोडपी मान खाली, शेपूट वर. चक्रांग अजून झोपेत. काळेभोर वारकरी मात्र शेकड्यांनी, कपाळावर पांढरा टिळा, सगळे एका दिशेला चाललेले. ज्याने हे नाव दिलं त्याला मी मनातल्या मनात दर वर्षी नमस्कार करते. चक्रवाकांचं एक जोडपं दूर बेटावर होतं. रात्री ताटातूट होते म्हणून संस्कृत कवींनी हळहळ केलेला हाच पक्षी. सकाळी तरी ते अगदी शेजारी उभे होते आणि भांडत होते.

पट्टकादंब हंस त्या दिवशी आले नव्हते.

रविवारी दुपारनंतर आम्ही परत फिरलो आणि संध्याकाळी आभाळ फाटलं. 26 नोव्हेंबरची ती गारपीट निफाड तालुक्यात कुणी विसरणार नाही. बर्फाच्या खड्यांनी घड फोडले, पानं सोलली, कांद्याची पात झोपवली. मैत्रिणीच्या भावाच्या बागेत सकाळी द्राक्षांचा चिखल पायाला चिकटत होता. वर्षभराचा खर्च झालेला, पीक हाताशी आलेलं. अशा वेळी घुबडांविषयी विचारायची मला लाज वाटली. नातवाने पुढे फोनवर आपणहून सांगितलं. वहीत 26 तारखेला शून्य, 27 ला एक, 28 ला दोन.

पावसात घुबड उपाशी राहतं. ज्या मऊ पिसांनी आवाज मरतो ती पिसं पाणी धरतात. शिवाय गव्हाणी घुबड डोळ्यांपेक्षा कानांनी शिकार करतं. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असतो, त्यामुळे एकच खसखस दोन्ही कानांना वेगवेगळी ऐकू येते आणि उंदीर कुठे आहे याचा आडवा-उभा अंदाज अंधारात बसतो. पानापानांवर पाऊस वाजत असताना ही सगळी विद्या कुचकामी.

16 डिसेंबरला गेले तेव्हा माळ्यावर चार पिल्लं होती. धाकटं नव्हतं. ते कधी गेलं कुणाला कळलं नाही. अशा पिल्लाला अनेकदा थोरली भावंडंच खातात, हे मी नातवाला सांगावं की नाही याचा विचार करत होते, तेवढ्यात तोच म्हणाला, “मावशी, हाडंपण नाहीत. म्हणजे खाल्लं असणार.” द्राक्षं गेलेल्या घरातलं पोर होतं. त्याच्या वहीत त्या ओळीपुढे काही शेरा नव्हता.

सायखेड्याच्या बाजारात त्या दिवशी कांदाच बोलत होता. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार इथे आहे. लाल कांदा नुकता यायला लागला होता आणि 7 डिसेंबरला केंद्राने 31 मार्चपर्यंत निर्यातबंदी जाहीर केली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बसलेली माणसं बोलत कमी होती. चहाच्या टपरीवर एकाने मला विचारलं, काय बघायला आलात. घुबड, असं सांगितल्यावर तो हसला नाही. “बसलंय आमच्याच डोक्यावर,” एवढंच म्हणाला आणि ग्लास ठेवून गेला.

चार पिल्लं आता ओळखू येत नव्हती. थोरलं आईपेक्षा जाड झालं होतं, आणि ही कविकल्पना नाही. साधारण सहाव्या आठवड्यात गव्हाणी घुबडाचं पिल्लू मोठ्या पक्ष्यापेक्षा जास्त वजनाचं होतं, मग उडायच्या आधी ते उतरतं. पंखांच्या नळ्यांतून पिसं फुटली होती, डोक्यावर मात्र अजून कापूस, म्हणजे सूट घालून कानटोपी न काढलेला नवरदेव. आम्हाला पाहून चौघं ओळीत उभी राहिली आणि मान खाली घालून डावी-उजवीकडे डोलू लागली, भजनी मंडळासारखी. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत. अंतर मोजायचं तर अख्खं डोकं हलवावं लागतं. आपल्या मानेत सात मणके, त्यांच्या मानेत चौदा.

आवाजांतही फरक पडला होता. सगळी एकदम फुसफुसत नव्हती, पाळीपाळीने फुसफुसत होती. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात अलेक्झांड्र रुलँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं या पिल्लांच्या आवाजाचा अभ्यास केला आहे. आईबाप घरात नसताना पिल्लं एकमेकांना आपली भूक सांगतात. जो जास्त वेळ, जास्त जोराने ओरडतो त्याला पुढचा उंदीर, बाकीचे माघार घेतात. मारामारीत शक्ती घालवण्यापेक्षा हे बरं. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या वाती वळत होत्या. “म्हणजे बोलून वाटणी करतात. आमच्यात तीन पिढ्या कोर्टात गेल्या,” असं म्हणून त्यांनी वाडा किती हिश्श्यांत अडकलाय ते मला सविस्तर सांगितलं. वाडा दुरुस्त का होत नाही याचं खरं कारण तेव्हा कळलं. पुराने निम्मं काम केलं होतं, उरलेलं सातबाऱ्याने.

माळ्याखालच्या जमिनीवर काळे, चकचकीत, अंगठ्याएवढे गोळे पडलेले असतात. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस-हाडं तोंडावाटे गोळा करून टाकतं. आम्ही वीस गोळे कोमट पाण्यात भिजवून वर्तमानपत्रावर उकलले. जवळजवळ प्रत्येकात दोन-तीन कवट्या. पिवळट पुढच्या दातांच्या उंदरांच्या सर्वांत जास्त, चिचुंद्र्यांच्या काही, एक चिमणीची. नातवाने कवट्या काड्यापेटीत मांडल्या आणि बापाला नेऊन दाखवल्या. त्या बापाने गव्हाच्या बांधावरच्या बिळांत टाकायला आदल्याच आठवड्यात औषधाच्या पुड्या आणल्या होत्या. कवट्या मोजून झाल्यावर तो काही बोलला नाही, पण पुड्या तशाच राहिल्या. उंदीर लगेच न मारणारी, रक्त पातळ करणारी औषधं असतात ती घुबडांना सर्वांत घातक. विष खाल्लेला उंदीर दोन-तीन दिवस झिंगल्यासारखा फिरतो, आणि असा सुस्त उंदीर घुबडाला आधी सापडतो. हरभऱ्यात अळी वेचायला पक्षी बसावेत म्हणून शेतकरी आडव्या काठ्यांचे पक्षीथांबे लावतात, कृषी खातंही ते सांगतं. रात्री त्याच थांब्यांवर घुबडं बसतात. म्हणजे दिवसा एक पाळी, रात्री दुसरी, पगार नाही.

6 जानेवारी. निफाडची थंडी अंगात शिरली होती. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा राज्याच्या बातम्यांत येतो तो उगाच नाही. वाचलेल्या बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटत होत्या, कारण फार थंडीने मणी तडकतात. नांदूरला धुक्यात आधी फक्त आवाज आला, नाकातून हाका मारल्यासारखा, आणि मग पट्टकादंब उतरले. राखाडी अंग, पांढरं डोकं, मागे दोन काळ्या पट्ट्या. हा पक्षी हिमालय ओलांडून येतो. पाठीवर यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात त्यांची उड्डाणं 7,200 मीटरच्याही वर नोंदली गेली आहेत, जिथे माणसाला दोन पावलं टाकायला दम लागतो. मनोऱ्यावर मुंबईहून आलेले पंधरा-वीस जण होते, हातभर लांबीच्या लेन्सा होत्या, आणि सगळे कुजबुजत बोलत होते. पाहुण्यांचा मान.

परतताना पुलाजवळच्या बाभळीच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी दिसली, भर दुपारी, ऊन खात. मुठीएवढं हे घुबड, भुवया पांढऱ्या, नजर संतापलेली. आजींच्या लहानपणी पौषात पहाटे पिंगळा जोशी यायचा. हातात कंदील, कुडमुडं वाजवत, पिंगळ्या पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असं सांगून घराघराचं भविष्य बोलायचा. “काय सांगायचा?” मी विचारलं. “सगळ्यांना एकच. घरात लक्ष्मी येईल, पण जरा उशिराने.”

याच पिंगळ्याचा चुलतभाऊ रानपिंगळा. नाशिकच्या शेजारच्या खानदेशात 1884 मध्ये त्याचा शेवटचा खात्रीचा नमुना मिळाला आणि मग शंभराहून जास्त वर्षं तो कुणाला दिसला नाही. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन आणि बेन किंग यांना तो शहाद्याच्या बाजूच्या जंगलात पुन्हा सापडला, सकाळच्या उन्हात झाडावर उघड बसलेला. एवढी वर्षं लोक त्याला रात्री शोधत होते की शोधतच नव्हते, कोण जाणे.

वाड्यात त्या संध्याकाळी थोरलं पिल्लू झरोक्यात बसलं होतं. कापूस झडून गेलेला, पोट पांढरंशुभ्र. पंधरा मिनिटं डोलत राहिलं, पुढे झुकलं, मागे सरलं. नातवाचा श्वास माझ्या कानाशी. मग ते उडालं म्हणण्यापेक्षा पडलं, तुळशीवृंदावनाच्या वर हातभर सावरलं आणि समोरच्या कौलांवर आपटल्यासारखं उतरलं. एक कौल घसरून चौकात फुटलं. आजी देवघरातून बाहेर आल्या, फुटलेलं कौल पाहिलं, वर पाहिलं. “उतरलं का?” एवढंच विचारलं. त्यांनी दिव्याची वात जरा बारीक केली, त्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून.

मला भीती मांज्याची होती. इथून जवळच येवलं, संक्रांतीला तीन दिवस आकाश दिसत नाही असं पतंगांचं गाव. नायलॉनच्या मांज्यावर बंदी आहे, तरी संक्रांतीनंतर महिनाभर तो झाडांवर लोंबतो आणि रात्री उडणाऱ्या पक्ष्याला दिसत नाही. नातवाने आणि त्याच्या चार मित्रांनी वाड्याभोवतालच्या पिंपळावरून, तारांवरून काठीला आकडा बांधून पिशवीभर मांजा काढला. त्यांतले दोघे स्वतः तोच मांजा वापरत होते, हेही त्यांनी सांगून टाकलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी गेले तेव्हा माळा रिकामा होता. पांढऱ्या विष्ठेचे ओघळ, काळे गोळे, कणगीच्या कडेला अडकलेली थोडी कापसासारखी पिसं. चारही उडाली होती. नदीच्या कडेच्या बाभळींतून रात्री त्यांतल्या दोघांचे आवाज येतात, असं नातू म्हणाला. पाणी उतरलं होतं, चांदोरीची देवळं पात्रात कमरेपर्यंत वर आली होती आणि त्यांच्या कळसांवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते.

तुम्ही नांदूरला जाल तर जरूर जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्य उगवायच्या आत. सायखेड्यातला वाडा मात्र विचारू नका, मी सांगणार नाही. त्यापेक्षा आपल्याच गावातल्या पडक्या वाड्यात, देवळाच्या शिखरात तिन्हीसांजेला फुत्कार येतो का ते ऐका. आणि शेतात उंदरांना औषध घालायचंच असेल तर रोज सकाळी फिरून मेलेले, झिंगलेले उंदीर उचला आणि खोल पुरा. एवढं एक काम करा.

परवा रात्री नातवाचा फोन आला. वर चढलेलो नाही, आधी हेच सांगितलं. मग म्हणाला, “मावशी, नर परत उंदीर आणतोय. आणि मादी झरोक्यातून बाहेर येतच नाही. नवी वही घेतलीय.”